हेन्ड्रिकची शंभर एकर जमीन

आमच्या क्लाव्हरकिल गावात दर डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी आद्य वसाहतकार मंडळाचं जेवण असतं, आणि त्या जेवणाला मी सव्वीस वर्षं पाहुणा म्हणून जात होतो. पाहुणा म्हणजे मानाचा वगैरे नव्हे. ज्यांचा पूर्वज सतराव्या शतकात हॉलंडहून गलबतात बसून आला आणि हडसन नदीच्या या काठाला त्याने जमीन धरली, ते सभासद. त्यांची टेबलं व्यासपीठासमोर. पांढऱ्या चादरी, मधोमध मेणबत्त्या. अशा सभासदांशी ज्यांनी नुसतंच लग्न केलं, ते पाहुणे. त्यांचं एकच टेबल, स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराला खेटून. सभासदांच्या छातीवर सोनेरी कासवाचा बिल्ला असतो, पाहुण्यांच्या छातीवर कागदाची चिठ्ठी. शिवाय गिरणीमागच्या ओढ्यावर मंडळाची पाटी आहे, ‘मासेमारी फक्त सभासदांसाठी’. म्हणजे पाहुण्याने जेवणात मासा खावा, पण गळ टाकू नये.

माझी बायको कॉर्नेलिया माहेरची व्हान स्टेनहोव्हन. हे आडनाव आमच्याकडे एका रस्त्याला आहे, शाळेला आहे आणि दफनभूमीतल्या सगळ्यात उंच दगडाला आहे. माझं आडनाव क्रोमवाइक. ते माझ्या टपालपेटीला आहे. तिचा थोरला भाऊ एव्हरेट हा मंडळाचा अध्यक्ष. दर वर्षी तो सूप वाढल्यावर उठतो, काचेच्या पेल्यावर चमचा वाजवतो आणि कासवावर भाषण करतो. कासव म्हणजे आपल्या डच पूर्वजांची चिकाटी. हळू चालणं, पाठीवर घर वाहणं, घेतलेलं न सोडणं. त्यातलं ‘घेतलेलं न सोडणं’ हे तो मुठी आवळून म्हणतो. मला ते भाषण इतकं पाठ आहे की एखाद्या वर्षी तो आजारी पडला असता तर मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हटलं असतं.

पाहुण्यांच्या चिठ्ठ्या मिसेस ट्विचेल नावाच्या बाई लिहितात. सव्विसाव्या वर्षी त्यांनी माझ्या कोटाला चिठ्ठी टाचली, मी खाली मान घालून वाचली. त्यावर सुरेख वळणदार अक्षरांत लिहिलं होतं, ‘कॉर्नेलियाचा नवरा’.

मी म्हटलं, “बाई, यावर माझं नाव नाही.”

“हो ना,” त्या म्हणाल्या, “ऐन वेळी आठवेचना मेलं. पण अडलंय कुठे? सगळ्यांना कळतंच की कोण ते.”

मागून एव्हरेट आला, चिठ्ठी वाचली, आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “वा! या वर्षी मजकूर अगदी बिनचूक आहे.”

परत येताना गाडीत मी जाहीर केलं, “कॉर्नेलिया, मलाही पूर्वज होता.”

“सगळ्यांनाच असतो, वेंडेल,” ती म्हणाली. “पुढे बघ, दिवा लाल आहे.”

त्या लाल दिव्यासमोर मी शपथ घेतली, की पुढच्या डिसेंबरात मी मेणबत्तीच्या टेबलाशी बसेन, छातीवर कासव लावून, स्वतःच्या नावाने. माणसाच्या आयुष्यात याहून मोठी ध्येयं असतात हे मला ठाऊक आहे. पण मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो, पोस्टातून नुकताच निवृत्त झालेलो, आणि मोठ्या ध्येयांच्या जागा भरलेल्या होत्या.

पूर्वज मात्र खरंच होता. आमच्या घराण्यात एक गोष्ट चालत आली आहे. लॅव्हिनियाआत्या ती प्रत्येक बारशाला आणि प्रत्येक मर्तिकाला सांगायची. हेन्ड्रिक क्रोमवाइक नावाचा उंचापुरा, निळ्या डोळ्यांचा पुरुष सोळाशे बासष्ट साली इथे आला आणि त्याने ओढ्याकाठची शंभर एकर जमीन मिळवली. ती पुढे गेली कुठे, असं कोणी विचारलं की आत्या उसासा टाकायची आणि तिला ऐकू यायचं बंद व्हायचं.

मी एव्हरेटकडे सभासदत्वाचा अर्ज मागायला गेलो. त्याने कपाटातून एक पुस्तिका काढली आणि मला कलम चार वाचून दाखवलं. अर्जदाराचा मूळ पुरुष सन सतराशेपूर्वी गावच्या हद्दीत स्वतःच्या नावावर जमीन धारण करीत होता, हे नोंदलेल्या दस्तऐवजाच्या नकलेने सिद्ध करावे.

“आत्याची गोष्ट चालत नाही?” मी विचारलं.

“आत्या सगळ्यांना असतात,” एव्हरेट म्हणाला. या भावंडांना माझ्याजवळ असलेली प्रत्येक वस्तू सगळ्यांकडे असते असं का वाटतं, देव जाणे.

माझा शेजारी ग्रॉसमन हा निवृत्त प्लंबर. जगातली कुठलीही अडचण ही मुळात तुंबलेली नळी असते असं त्याचं तत्त्वज्ञान आहे. मी काय करायला निघालोय हे मी त्याला सांगितलं नव्हतं, पण कुंपणापाशी उभं राहून मी नुसतं “जमिनीचे जुने कागद” एवढं म्हणायचा अवकाश, त्याने हातमोजे काढले.

“सोप्पं आहे,” तो म्हणाला. “वरून खाली येऊ नकोस. खालून वर जा. आज तू. तुझ्या वर बाप. त्याच्या वर आजा. कुठे गळतंय ते दिसेलच.”

“गळत नाहीये, ग्रॉसमन. मला जमीन शोधायचीय.”

“तेच ते,” तो म्हणाला. “आणि हे बघ, तिथल्या कारकुनाला सुरुवातीलाच दाखवून द्यायचं की आपण काही साधेसुधे नाही. नाहीतर रांगेत उभं करतात.”

उंटावरचे शहाणे उंटावरून सल्ला देतात; ग्रॉसमन कुंपणावरून देतो, एवढाच फरक. पण तेव्हा मला तो पटला.

जुन्या जमिनींचं दप्तर जिल्ह्याच्या कचेरीत, तळघरात. मंगळवार आणि गुरुवार, दहा ते बारा, मग जेवणाची सुट्टी, मग दोन ते साडेतीन. तिथे मिस ह्युलेट नावाच्या, पेन्सिलीसारख्या सरळ आणि तितक्याच बारीक बाई बसत. त्यांनी माझं पेन जमा करून घेतलं, फक्त पेन्सिल राहू दिली, कोट खुंटीला लावायला लावला आणि शिंक आली तर जिन्यात जाऊन द्यावी असं बजावलं. मग विचारलं, “तुम्हाला जुनी डच लिपी वाचता येते?”

ग्रॉसमनचा सल्ला आठवून मी छाती पुढे काढली. “बाई, मी अडतीस वर्षं पोस्टात होतो. मला वाचता येत नाही असं अक्षर अजून जन्माला यायचंय.”

मिस ह्युलेटनी शवपेटीएवढं एक पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. मी उघडलं. ते अक्षर जन्माला येऊन तीनशे वर्षं झाली होती, एवढंच.

अर्ध्या दप्तराचं इंग्रजी भाषांतर झालेलं आहे. ते ऐंशी वर्षांपूर्वी एका पाद्र्याने सुरू केलं आणि मधेच तो वारला. उरलेलं त्याच्या मेहुणीने पुरं केलं. तिला डच येत नव्हतं, पण हौस दांडगी होती. त्यामुळे तिच्या भागात कुणीही काहीही विकत घेतलं तरी ती ‘एक सुंदर कुरण’ लिहिते. एका माणसाने एका पानावर तीन सुंदर कुरणं चार पिंपं बियरला विकली आहेत. मूळ कागदात ती बहुधा वासरं असावीत.

या सामग्रीनिशी मी हेन्ड्रिकला शोधायला लागलो. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. क्रोमवाइक या नावाखाली खरेदी नाही, विक्री नाही, गहाण नाही, वाटणी नाही. मार्चात अखेर तो सापडला. पण सापडला तो जमिनीच्या पुस्तकात नव्हे, न्यायसभेच्या पुस्तकात. हेन्ड्रिकची डुकरं दुसऱ्याच्या कोबीत शिरली म्हणून दंड. पुढच्या वर्षी पुन्हा दंड. तीच डुकरं, तोच कोबी. असं चार वेळा. पाचव्यांदा डुकरं निर्दोष होती. त्या वेळी हेन्ड्रिक स्वतः पकडला गेला होता, रविवारी, प्रवचन चालू असताना, हंस ओढताना. त्या काळी आमचे लोक जिवंत हंसाच्या मानेला चरबी चोपडून त्याला दोरीला उलटं टांगत आणि घोडा फेकत खालून जाताना त्याची मान धरायचा प्रयत्न करत. ही आमची संस्कृती. एव्हरेटच्या भाषणात हा खेळ का येत नाही याचं मला नेहमी नवल वाटतं.

डुकरं आहेत म्हणजे जमीन असणारच, असा मी ग्रॉसमनपाशी युक्तिवाद केला. माझ्या म्हणण्याला एक पुरावाही मिळाला होता. एका शेजाऱ्याच्या खरेदीखतात चतुःसीमा दिली होती: ओढ्याकाठच्या तीन खाचा पाडलेल्या पांढऱ्या ओकच्या झाडापासून, हेन्ड्रिक राहतो त्या जमिनीच्या कडेने, मोठ्या धोंड्यापर्यंत, तेवीस काठ्या. काठी म्हणजे तेव्हाचं सुमारे बारा फुटांचं माप.

“झालं की काम!” ग्रॉसमन म्हणाला. “ओक मेला असेल, कबूल. पण धोंडा कुठे जातोय? धोंड्याला काय पाय आहेत?”

“धोंडा सापडून उपयोग काय? मला कागद हवाय.”

“आधी जागा, मग कागद. जागा सापडली की कागद लाजून बाहेर येतो.”

हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून घेतलं होतं. माणसाची मती फिरते तेव्हा ती अशी शिस्तीत फिरते.

एप्रिलच्या एका शनिवारी आम्ही दोरी, लोखंडी पहार आणि सँडविचेस घेऊन निघालो. ओक जिथे असावा तिथे आता गाड्या धुण्याचं दुकान आहे. तिथून दोरी लावली. पहिल्या सहा काठ्या साबणाच्या पाण्यातून गेल्या. पुढच्या दहा चर्चच्या आवारातून, तिथे लग्न चाललं होतं आणि फोटोवाल्याने आम्हाला तीनदा बाजूला व्हायला सांगितलं. विसाव्या काठीला एक सुबक झुडपांचं कुंपण लागलं, ते आम्ही ओलांडलं. तेविसाव्या काठीला ग्रॉसमनने हिरव्यागार गवतात पहार मारली आणि जमिनीतून आवाज आला, ठण्ण!

आम्ही एकमेकांना मिठी मारली. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. माझ्या हेन्ड्रिकचा धोंडा! आम्ही भराभरा माती उकरली. धोंड्याची कड दिसली. ती गोल होती आणि फार नीटस होती. ग्रॉसमन एकदम थांबला. त्याच्या चेहऱ्यावर चाळीस वर्षांचा अनुभव उमटला.

“वेंडेल,” तो हळूच म्हणाला, “हालू नकोस. हा धोंडा नाही. हे संडासाच्या टाकीचं झाकण आहे.”

पण मी तोवर त्यावर उभा राहिलो होतो, पूर्वजांच्या भूमीवर पाय रोवून. झाकण जुनं होतं. मी मांडीपर्यंत आत गेलो.

कुत्रा भुंकत आला. त्याच्यामागून अंघोळीचा झगा घातलेला माणूस आला, आणि मला त्या स्थितीतही ओळखू आलं की हे मागचं अंगण ज्या घराचं आहे, ते घर मी पुढच्या बाजूने कैक वेळा पाहिलेलं आहे. तो एव्हरेट होता. त्याने बागेची रबरी नळी उचलली, पाणी सोडलं आणि शांतपणे म्हणाला, “क्रोमवाइक, तुझ्या पूर्वजाने इथे नक्की काय धरलं होतं ते मला आता समजलं.”

हे वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर झालं. गुरुवारी ते गावच्या साप्ताहिकात छापून आलं, माझं आडनाव चुकीचं लिहून. कॉर्नेलियाने माझी पँट काठीने उचलून परसात जाळली आणि एवढंच म्हणाली, “अर्ज करायच्या आधीच तुला माझ्या घराण्यात इतकं खोल शिरायची काय गरज होती?”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी तळघरात जायचं सोडून द्यायचं ठरवलं आणि आपली पेन्सिल आणायला म्हणून शेवटचा गेलो. मिस ह्युलेटपुढे ते साप्ताहिक उघडं होतं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“मिस्टर क्रोमवाइक, हेन्ड्रिकच्या बायकोचं नाव काय?”

“बायकोचं?” मी म्हटलं. “मला कसं ठाऊक असणार? मी हेन्ड्रिकला शोधतोय.”

“चार महिने तेच बघतेय मी. अहो, तुमच्या त्या लोकांत लग्न झालं म्हणून बाई बापाचं नाव टाकत नव्हती, आणि स्वतःची जमीन नवऱ्याच्या हवाली तर मुळीच करत नव्हती. इंग्रजांचा अंमल आला, मग हळूहळू ते बंद झालं. इथे निम्मी जमीन बायकांच्या नावावर आहे. चर्चच्या बारशांच्या वहीत पोरांच्या आईचं नाव असतं. तिथून सुरुवात करतात माणसं.”

“मग हे तुम्ही मला जानेवारीत का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलं नाहीत,” मिस ह्युलेट म्हणाल्या. “तुम्ही सांगितलंत, की तुम्ही अडतीस वर्षं पोस्टात होतात.”

बारशांच्या वहीत दहा मिनिटांत नाव सापडलं: आल्ट्ये वेसेल्स. मिस ह्युलेट फळ्यांमागे गेल्या आणि दोन्ही हातांत कागद घेऊन आल्या. मग परत गेल्या आणि आणखी घेऊन आल्या. आल्ट्ये वेसेल्सच्या नावाने एक्केचाळीस दस्त होते. तिने ओढ्याकाठची जमीन घेतली होती, शंभर नव्हे, एकशे बारा एकर. तिने लाकूड कापायच्या गिरणीत वाटा घेतला होता, विकला होता, पुन्हा अर्ध्या भावात परत घेतला होता. ती शेजाऱ्यांना कोर्टात खेचत होती आणि जिंकत होती. सगळीकडे तिची ठसठशीत सही. आणि प्रत्येक सहीच्या खाली, कोपऱ्यात, एक वाकडीतिकडी फुली आणि तिच्याशेजारी कारकुनाचं अक्षर: ‘हजर, आल्ट्येचा नवरा’. एक्केचाळिसातल्या तेहतीस ठिकाणी त्याचं नावसुद्धा लिहिलेलं नव्हतं.

खुंटीवरच्या कोटाच्या खिशात मिसेस ट्विचेलची चिठ्ठी अजून होती. मी ती काढली आणि त्या फुलीशेजारी ठेवली. तीनशे वर्षांत आमच्या घराण्याने अक्षर तेवढं सुधारलं होतं. मिस ह्युलेटनी ती चिठ्ठी उचलली आणि सांगितलं की दस्तावर बाहेरचा कागद ठेवायचा नसतो.

त्या गठ्ठ्यात आणखी दोन कागद होते. एक होता टोनिस व्हान स्टेनहोव्हन यांच्यावरच्या फिर्यादीचा. टोनिस म्हणजे एव्हरेटचे आणि कॉर्नेलियाचे मूळ पुरुष, ज्यांच्या नावाचा रस्ता आहे. हे टोनिस आल्ट्येचे कूळ होते. वर्षाला ठरलेला गहू आणि दोन जाड कोंबड्या, असा करार. तीन वर्षं त्यांनी कोंबड्या दिल्या नाहीत. कोर्टात ते म्हणाले, कोल्ह्याने नेल्या. आल्ट्ये म्हणाली, मग कोल्ह्याला इथे उभा करा. टोनिसना गाव सोडून जायची तंबी मिळाली, तेव्हा कुठे रडतखडत सहा कोंबड्या आल्या. आपल्या नावावर त्यांनी जन्मात एक वीतही जमीन घेतलेली नव्हती.

दुसरा कागद सगळ्यात जुना, गठ्ठ्याच्या तळाशी. आल्ट्येच्याही आधीचा. ओढ्याकाठची जमीन इथल्या मूळच्या इसोपस लोकांपैकी एकाने दिली, चार पातेली, सहा घोंगड्या आणि एक बंदूक घेऊन. अट एकच: तो आणि त्याची मुलंबाळं त्या ओढ्यात निरंतर मासे धरतील, त्यांना कोणी अडवू नये. त्याचं नाव कारकुनाने तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलं होतं. त्याने स्वतः खाली सही केली होती. सही म्हणजे चित्र. एक कासव, चार पाय, पाठीवर सहा रेघा, मान जराशी डावीकडे वळलेली.

आमच्या मंडळाच्या सोनेरी कासवाची मानही डावीकडे वळलेली आहे. पाठीवर सहाच रेघा आहेत. मिस ह्युलेट म्हणाल्या, मंडळ स्थापन करणारी माणसं फार वर्षांपूर्वी इथे आली होती, एक छानसं जुनं चिन्ह शोधत. त्यांनी चित्र उतरवून नेलं, मजकूर नेला नाही.

कॉर्नेलियाने सगळ्या नकला एका बैठकीत वाचल्या. टोनिसच्या कोंबड्यांपाशी ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग कासवाचा कागद हातात धरून तिने विचारलं, “हे सांगणार आहेस त्यांना?”

“योग्य वेळी,” मी म्हटलं.

“म्हणजे कधीच नाही,” ती म्हणाली.

मी जरा दुखावलो. पण तिचं म्हणणं बरोबर होतं. मला तेव्हा फक्त माझी खुर्ची दिसत होती.

सप्टेंबरात मंडळाच्या समितीपुढे माझा अर्ज आला. समिती म्हणजे एव्हरेट आणि त्याच्या होला हो करणारे दोन गृहस्थ. एव्हरेटने कलम चार वाचलं आणि पुस्तिका मिटली. “यात ‘मूळ पुरुष’ म्हटलंय, वेंडेल. आल्ट्ये वेसेल्स ही पुरुष नव्हती.”

“अगदी खरं,” मी म्हटलं, “आणि नियम म्हणजे नियम. तो सगळ्यांनाच लावावा लागेल.” मग मी टोनिसच्या फिर्यादीची नक्कल टेबलावर ठेवली, हलकेच, कोंबड्या वर येतील अशी.

एव्हरेटने वाचलं. त्याच्या कानांपासून सुरू झालेला लाल रंग हळूहळू गळ्यापर्यंत उतरला. “याच्या प्रती कोणाकडे आहेत?”

“एक माझ्याकडे. एक ग्रॉसमनकडे.”

ग्रॉसमनच्या पोटात काय राहतं हे क्लाव्हरकिलमध्ये सगळ्यांना माहीत आहे. काही राहत नाही. समितीने पाच मिनिटं खासगीत विचार केला आणि ‘विशेष बाब म्हणून’ मला एकमताने सभासद करून घेतलं. अट अशी, की मी यापुढे त्या तळघरात पाऊल ठेवू नये. मी आनंदाने कबूल केलं. ग्रॉसमनची प्रतही मी परत आणली. त्याबद्दल त्याला माझं गवत कापायचं यंत्र कायमचं द्यावं लागलं.

आणि डिसेंबरचा पहिला शनिवार आला. एव्हरेटने स्वतः माझ्या कोटाला सोनेरी कासव लावलं, सुई जराशी आतपर्यंत घालून. मी मेणबत्तीच्या टेबलाशी बसलो, कॉर्नेलियाशेजारी, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. समोर वाटाण्याचं सूप आलं. पाहुण्यांच्या टेबलावर ते झुलत्या दारातून थेट येतं, वाफाळतं, तोंड भाजणारं. तिथे बसून मी दर वर्षी दोन वाडगे संपवायचो. इथवर यायला त्याला अख्खं सभागृह ओलांडावं लागतं, आणि मग अध्यक्षांचं भाषण होईपर्यंत चमचा उचलायचा नसतो. माझ्या डोळ्यांदेखत त्यावर साय धरली, मग ते घट्ट झालं, मग खळीसारखं बसलं.

नव्या सभासदाने कासवावर चार शब्द बोलायचे, अशी प्रथा आहे. माझे पाठ होते: चिकाटी, हळू चालणं, पाठीवर घर. मी एक शब्दही बदलणार नव्हतो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं ते मी काही सत्याच्या प्रेमाने केलं असा समज नको. एव्हरेटने पेल्यावर चमचा वाजवला, माझ्याकडे हात केला आणि दोनशे लोकांना हसून सांगितलं, “मंडळी, आपले नवे सभासद. यांना आपण सगळे ओळखतोच. आपल्या कॉर्नेलियाचा नवरा!”

टाळ्या पडल्या. मी उठलो, आणि माझ्या आत कुठेतरी हेन्ड्रिकची सगळी डुकरं एकदम कोबीत शिरली.

“आभारी आहे,” मी म्हटलं. “मी कॉर्नेलियाचा नवरा, आणि आल्ट्येच्या नवऱ्याचा वंशज. आल्ट्ये वेसेल्स, जिला आपले एव्हरेट यांचे पूर्वज टोनिस सहा कोंबड्या देणं लागत होते. पण मला कासवावर बोलायचंय. आपण सगळे छातीवर जे लावून बसलोय ती एका माणसाची सही आहे. ही जमीन त्याने चार पातेली, सहा घोंगड्या आणि एका बंदुकीला दिली आणि एकच गोष्ट मागून घेतली, की माझ्या पोरांना ओढ्यावर मासे धरू द्या. तिथे आपण पाटी लावलीय, फक्त सभासदांसाठी. त्याची पोरं आज इथे कुठे बसली आहेत? पाहुण्यांच्या टेबलावरही त्यांना खुर्ची नाही. चिकाटीचं म्हणाल तर माझं काही म्हणणं नाही. घेतलेलं आपण खरंच सोडलेलं नाही.”

पुढच्या टेबलावर दोन-तीन जणांचे हात आपापल्या कासवाकडे गेले.

“खाली बस,” एव्हरेट दातांतून म्हणाला.

“कुठे?” मी विचारलं.

त्याने काट्याने झुलत्या दाराकडे दाखवलं. मी कासव काढलं. खिशात घालावं की टेबलावर ठेवावं ते कळेना, म्हणून मी ते माझ्या सुपात ठेवलं. सूप इतकं आळलं होतं की ते बुडालं नाही, मान डावीकडे करून तसंच वर बसून राहिलं. माझं सभासदत्व एकोणीस मिनिटं टिकलं. मंडळाच्या इतिवृत्तात तशी नोंद आहे, आणि तिथे माझं नाव चक्क बरोबर लिहिलेलं आहे.

मी झुलत्या दाराकडे चालू लागलो. वर्षभराची खटपट, जळालेली पँट, गवताचं यंत्र, सगळं गेलं होतं आणि वर बायकोला तिच्या माणसांत तोंड दाखवायला जागा ठेवली नव्हती. मला स्वतःची मनापासून लाज वाटत होती. पाहुण्यांनी मुकाट्याने सरकून मला माझी जुनी जागा दिली. कोणीतरी वाफाळता वाडगा पुढे केला, पण माझा हात चमच्याकडे जाईना.

मग चादरींच्या टेबलांमधून एकटीच्या टाचांचा आवाज येऊ लागला. सगळं सभागृह बघत होतं. कॉर्नेलिया आली, तिच्या पोशाखावर कासवाच्या जागी सुईची दोन भोकं होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “सरक जरा.”

मी सरकलो. “कॉर्नेलिया,” मी म्हटलं, “मला माफ कर. माझ्यामुळे तुझी तिथली जागा गेली.”

तिने माझा वाडगा स्वतःकडे ओढला, एक मोठा घोट घेतला आणि डोळे मिटले.

“सव्वीस वर्षं तिथे गार सूप पितेय मी, वेंडेल,” ती म्हणाली. “तुला एकदा तरी बोलले का?”